बारा रविवार

अमोलिकांनी तिसऱ्यांदा अंगण झाडायला घेतलं, तेव्हा रखमाबाईंनी येऊन त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला.

"फादर, पान जरा खाली तरी पडू द्या. झाडावरूनच झेलताय का आता?"

"बसून बसून पाय अवघडतात, म्हणून."

"मग चालून या. पण खराट्याला हात नाय लावायचा. लोक बघतात. म्हणतील, रखमाबाईनं भाडं घेतलं ते घेतलं, वर फादरला कामाला लावलं."

अमोलिक ओट्यावर जाऊन बसले. ते फादर नव्हते, पाळक होते. फादर लग्न करत नाहीत, आमच्यात पाळकाला बायको असते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "मग बायको कुठंय?" असं रखमाबाईंनी विचारलं होतं. उत्तर ऐकल्यावर त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. फादर मात्र म्हणत राहिल्या.

रविवार होता. सव्वानऊ वाजले होते. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचा उपासनेचा हॉल होता. तिथे आता कोणीतरी बाकं पुसत असेल. पेटी वाजवणारा चंदू तिच्यावरची चादर काढत असेल. सव्वीस वर्षं रविवारी या वेळी अमोलिक तिथे असत. आज ते बदलापूर गावात दुसऱ्याच्या ओट्यावर बसले होते, आणि करायला काही नव्हतं. हा सातवा रविवार. अजून पाच राहिले होते.

कुंदा, त्यांची बायको, नोव्हेंबरात गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी दवाखाना, सहाव्या दिवशी संपलं. दफनाच्या वेळची उपासना अमोलिकांनी स्वतः चालवली. अंबरनाथचा पाळक बोलावू, असं लोक म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या रविवारी ते उपदेशाला उभे राहिले. नाताळ गेला, ईस्टर गेला. आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थना, लग्नं, त्यांनी एक काम सोडलं नाही. संध्याकाळ रिकामी दिसली की ते कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहत. लोक चहा ठेवत. ते प्रार्थनेला सुरुवात करत. प्रार्थना लांबत गेल्या. चहा निवून जाई.

मग जूनमधला तो रविवार आला. उपदेश एरवी पस्तीस मिनिटांचा असे. त्या दिवशी एक तास चाळीस मिनिटं झाली. अमोलिकांना ते कळलं नाही. लहान मुलांना बाहेर नेलं, दोन म्हाताऱ्या गोळ्या घ्यायच्या म्हणून उठून गेल्या. शेवटी खालचा दुकानदार जिना चढून आला आणि दारातून म्हणाला, "पादरी साईं, आज कोई शादी है क्या?" तेव्हा अमोलिक थांबले. वाक्य अर्धंच राहिलं.

दोन दिवसांनी पंच कमिटीचा चिटणीस राजरत्न भालेराव घरी आला. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. बोलण्याआधी त्याने दोनदा पाणी मागितलं.

"साहेब, शिक्षा नाही ही. विश्रांती आहे. बारा रविवार. उपदेश नाही, प्रार्थनेला जाणं नाही, लग्न नाही, दफन नाही. तोवर विनीत साळवे उपदेश करेल. सेमिनरीचं शेवटचं वर्ष आहे त्याचं, सवय होईल."

"आणि बारा रविवारांनंतर?"

"नंतर कमिटी बसेल." राजरत्न हातातल्या पेल्याकडे बघत होता. "काही जण म्हणतात, साहेबांना आता निवृत्तच करावं. पण बाकीच्यांचं तसं नाही. ते म्हणतात, साहेबांना थांबता आलं पाहिजे. एवढंच."

कोणी बोलावू नये म्हणून जाताना त्याने अमोलिकांच्या फोनमधलं सिम काढून घेतलं. मंडळीपासून लांब, बदलापूरला खोलीही त्यानेच पाहून ठेवली होती. रखमाबाईंचे यजमान दौलतराव त्याच्याच कारखान्यातून रिटायर झाले होते.

सोमवारी सकाळी दौलतरावांनी गाडी बाहेर काढली.

"चला फादर, शेतावर जाऊन येऊ. हिच्या अंगणाला जरा सुट्टी."

शेत बारवी धरणाच्या रस्त्याला होतं. लावणी होऊन महिना झाला होता. भात गुडघ्याला लागत होतं. दौलतरावांनी चपला बांधाशी काढल्या आणि फावडं खांद्यावर घेऊन ते चालू लागले. अमोलिक मागून चालले.

"आता काय काम करायचं?"

"काय नाय. पाणी किती आहे बघायचं, घरी जायचं."

"बस?"

"बस. उद्या परत यायचं."

अमोलिकांनी वाकून भाताचं एक पातं चाचपलं. मग म्हणाले, "माणसाचंही असंच असतं, दौलतराव." आणि त्यांनी सुरुवात केली. बी, चिखल, मुळं, वाट बघणं. एक बांध संपला, दुसरा लागला. दौलतरावांनी मध्येच खेकड्याचं एक बीळ टाचेने बुजवलं, एके ठिकाणी फावड्याने बांध फोडून पाणी सोडलं, पण ऐकणं सोडलं नाही. दोघं फिरून पुन्हा चपलांपाशी आले. अमोलिक बोलतच होते.

"फादर, चांगलं बोलता तुम्ही," दौलतराव म्हणाले. "एक विचारू? राग नाय ना?"

"विचारा."

"हे संपतं कुठं?"

अमोलिकांनी वळून भाताकडे पाहिलं.

"तसं नाय हो," दौलतराव घाईने म्हणाले. "आमच्या कारखान्यात भोंगा व्हायचा. भोंगा झाला की हातातलं काम तिथंच ठेवायचं. साहेब असो नायतर हेल्पर. नायतर माणसाला कळतंय होय कधी थांबायचं? तुमच्यात नसतो का तसला भोंगा?"

"होता," अमोलिक म्हणाले.

दौलतरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला पायात घातल्या. गाडीला किक मारली.

हॉलमध्ये कुंदा तिसऱ्या बाकावर बसायची. बायकांच्या बाजूला, मधल्या वाटेला लागून. उपदेश पुरे झाला असं तिला वाटलं की ती चष्मा काढायची आणि पदराने पुसायची. एवढंच. अमोलिक ते बघायचे, चालू असलेला मुद्दा पुरा करायचे आणि म्हणायचे, "आपण प्रार्थना करू." ते या मंडळीत आले त्याच वर्षी हे ठरलं होतं. "तुमचं तुम्हाला कळत नाही," कुंदा म्हणाली होती. "मी सांगत जाईन." दोघांतली गोष्ट होती, तिसऱ्या कोणाला सांगितलेली नव्हती. कधी कधी अमोलिकांना रागही यायचा. जेवताना म्हणायचे, "आज अजून एक मुद्दा होता." कुंदा म्हणायची, "तो मला सांगा की." मग राहिलेला मुद्दा ते तिला सांगायचे, आणि ती वाढता वाढता ऐकायची. तिथे ती चष्मा काढत नसे.

नोव्हेंबरपासून असे किती मुद्दे साठले होते, कोण जाणे. खोलीत एक दोनशे पानी वही होती. रजा असली तरी दर शनिवारी ते तिच्यात उपदेश लिहीत होते. सात उपदेश झाले होते. एकाचाही शेवट लिहून झाला नव्हता.

शनिवारी दुपारी राजरत्न स्कूटरवरून आला. वही ओट्यावरच होती. त्याने ती पाहिली, पण हात लावला नाही.

"साहेब, उद्या माझ्याबरोबर हॉलवर चला."

"रजा आहे ना मला?"

"रजेवरच यायचं. नुसतं बसायचं. मागच्या बाकावर. कोणी पुढे बोलावलं तरी जायचं नाही, कोणी प्रार्थना करा म्हटलं तरी करायची नाही."

"परीक्षा घेतोस का माझी?"

"हो," राजरत्न म्हणाला. "कमिटीत मी तुमच्या बाजूने बोलतोय. आता एकटाच उरलोय. मला काहीतरी दाखवायला पाहिजे ना त्यांना."

अमोलिकांनी वही उचलून मांडीवर घेतली. "आणि नाही जमलं तर?"

"तर मी काय बोलणार, साहेब?"

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला अमोलिक हॉलचा जिना चढले. "सलाम, पाळकसाहेब," "सलाम साहेब, आलात का परत?" असं म्हणत जिन्यातच लोकांनी हात धरले. एका बाईने आपलं तान्हं पुढे केलं. सवयीने अमोलिकांचा हात आशीर्वादासाठी त्याच्या डोक्याकडे गेला. मागून राजरत्न खोकला. अमोलिकांनी त्या बाळाचा गाल धरला आणि हात मागे घेतला.

मागचं बाक भरलेलं होतं. ते मधल्या वाटेत उभे राहिले. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून भागीरथीबाई वळल्या. सत्तरी पार केलेली बाई, पण आवाज अजून शाळेतल्या बाईंसारखा.

"साहेब, इथं या." त्यांनी शेजारची पिशवी उचलून खाली ठेवली.

"ती बायकांची बाजू, भागीरथीबाई."

"कुंदाबाईंची जागा आहे. मी कोणाला बसू देत नाही. तुम्ही बसा."

"मला मागे बसायला सांगितलंय."

"कुणी, राजरत्ननं? त्याला मी संडे स्कूलला शिकवलंय. चड्डीची बटणं लावता येत नव्हती त्याला. बसा तुम्ही."

दोघी-तिघी हसल्या. राजरत्नने छताकडे पाहिलं. अमोलिक बसले.

या जागेवर ते सव्वीस वर्षांत कधी बसले नव्हते. बाकाची पाठ सरळ होती, टेकलं तर खांद्याला टोचत होती. वरच्या पंख्याचा वारा पुढच्या बाकापर्यंतच येत होता. उपासना सुरू झाली. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला, विनीत उपदेशाला उभा राहिला. अमोलिकांनी सवयीने वेळ बघायला मान वर केली, आणि त्यांना घड्याळ दिसेना. घड्याळ उजव्या भिंतीवर होतं. मध्ये खांब येत होता. ते थोडे डावीकडे सरकले, मग उजवीकडे. तरी दिसेना.

कुंदा घड्याळ बघून चष्मा काढते, असंच ते इतकी वर्षं समजत होते.

विनीतने सुरुवात चांगली केली. आवाज खणखणीत होता, उदाहरणं साधी होती. दुसऱ्या मुद्द्याला वीज गेली. पंखे थांबले. खालच्या गल्लीतले हातगाडीवाल्यांचे आवाज वर येऊ लागले, तसा विनीत मोठ्याने बोलू लागला. तिसरा मुद्दा झाला. तिथे शेवट होता. अमोलिकांना तो स्पष्ट दिसला. विनीत त्याच्यावरून पुढे निघून गेला.

मग तो थांबेना. पहिल्या मुद्द्याकडे गेला, तिथून नव्याच एका गोष्टीत शिरला. त्याचा डावा हात पुस्तकाचं एकच पान उलटत होता आणि परत जागेवर आणत होता. शब्द येत होते, पण तो हात काही वेगळंच सांगत होता. अमोलिक त्या हाताकडे बघत राहिले. या बाकावरून, कुंदाच्या जागेवरून, तो हात अगदी समोर दिसत होता.

त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो गुडघ्यावर गप्प होता.

मंडळीत चुळबुळ सुरू झाली. विनीतच्या कपाळावर घाम आला होता. तो पाणी प्यायला, आणि "शेवटी मला एवढंच सांगायचंय" असं दुसऱ्यांदा म्हणाला. अमोलिकांच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, "आपण प्रार्थना करू." सगळे उठतील. विनीतही सुटेल. त्यांचे दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर गेले आणि ते अर्धे उठले. पुरुषांच्या बाजूने राजरत्न त्यांच्याकडे एकटक बघत होता.

अमोलिक खाली बसले.

हातांना काही करायला नव्हतं. घामाने चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या, समोरचा विनीत पुसट दिसत होता. त्यांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला आणि काचा पुसू लागले. आधी एक, मग दुसरी.

शेजारी भागीरथीबाईंनी गीतांचं पुस्तक उघडलं. मागच्या बाकावर कोणीतरी पायाने चपला शोधत होतं. मग आणखी कोणीतरी. पुस्तकांची पानं एकदम फडफडली. बायकांनी पदर सारखे केले. पुढे कोपऱ्यात बसलेल्या चंदूने पेटीचं झाकण उघडलं आणि भात्यावर हात ठेवून तो तयार राहिला.

अमोलिकांना आधी काय चाललंय ते समजेना. चष्म्याशिवाय सगळं धूसर होतं. नुसते आवाज येत होते. मग त्यांचा रुमाल काचेवर जागच्या जागी थांबला.

विनीतने चंदूकडे पाहिलं, मग तिसऱ्या बाकाकडे. त्याचा डावा हात पानावरून खाली आला.

"आपण प्रार्थना करू," तो म्हणाला.

सगळे उभे राहिले. अमोलिक बसूनच राहिले. भागीरथीबाईंनी त्यांना उठवलं नाही. प्रार्थना होईपर्यंत त्या त्यांच्या पुढ्यात अशा उभ्या राहिल्या की पलीकडून कोणाला ते दिसू नयेत.

उपासना संपल्यावर चंदू पेटीवर चादर टाकत होता. कॅम्पातच एका कारखान्यात तो शिलाईचं काम करायचा, बोटं सुईने टोचलेली होती. अमोलिक त्याच्यापाशी गेले.

"चंदू, तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय, चष्म्याचं?" चंदू चादरीचं टोक पेटीखाली खोचत होता. "पाळकीणबाईंनी चष्मा काढला की मी झाकण उघडायचो. पहिल्यापासून. सगळ्यांनाच माहीत आहे, साहेब. पोरंसुद्धा घरी चष्मा-चष्मा खेळतात."

"मला कोणी बोललं नाही."

"तुम्हाला कशाला बोलायचं? तुमच्या घरातली गोष्ट." त्याने खाली बघतच म्हटलं, "नोव्हेंबरपासून मला पण कळेना, साहेब. झाकण कधी उघडायचं ते. त्या दिवशी तास झाला तेव्हा मी हात घातला होता. मग म्हटलं, बाईंनी तर काढला नाही. कसं उघडू?"

अमोलिकांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती नीट घातली.

परतताना अंबरनाथला फाटकापाशी राजरत्नने स्कूटर थांबवली. पुढे ट्रक अडकला होता.

"कमिटीला सांगतो मी," तो मागे न वळता म्हणाला. "पुढच्या रविवारपासून आलात तरी चालेल. मी बघतो कोण काय बोलतंय ते."

"नको. अजून चार राहिलेत ना?"

"राहिलेत."

"ते मला पाहिजेत." ट्रक हलला. थोडं पुढे गेल्यावर अमोलिकांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "राजरत्न, भागीरथीबाईंना चष्मा आहे ना रे?"

"वाचायचा आहे. का?"

"त्यांना म्हणावं, माझी रजा संपली की तो हॉलवर आणत जा."

बदलापूर येईपर्यंत राजरत्नने स्कूटर फार हळू चालवली.

रखमाबाईंच्या अंगणात सकाळपासूनची पानं पडलेली होती. खराटा ओट्याला टेकवून ठेवलेला होता. अमोलिकांनी तो तिथेच राहू दिला. आतून वही आणली, मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"एक मुद्दा राहिला होता," ते हळूच म्हणाले. मग बराच वेळ ते एकटेच बोलत बसले. रखमाबाई दाराशी आल्या होत्या, त्या तिथूनच परत फिरल्या.

घटकाभराने चहा घेऊन त्या पुन्हा बाहेर आल्या, तेव्हा अमोलिकांची मान भिंतीला टेकली होती. तोंड थोडं उघडं होतं, हलकं घोरणं चालू होतं. चष्मा काढून घडी घालून वहीवर ठेवलेला होता. रखमाबाईंनी कपावर बशी पालथी घातली, झाडायला खराटा उचलला, आणि त्याचा आवाज होईल म्हणून तो पुन्हा जागेवर टेकवून ठेवला.